स्टुडिओतले फोटो सगळ्यांना दिसावेत, पण मूळ फाइलला कोणाचा हात लागू नये

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही चालत्या फोटो स्टुडिओत आज तीन-चार कॉम्प्युटर असतात. एकावर अल्बम डिझायनर, एकावर फोटो निवडणारा किंवा व्हिडिओ एडिटर, एक काउंटरवर पार्टीला सिलेक्शन दाखवायला आणि एक मालकाचा. डेटा मात्र एकाच हार्ड डिस्कवर असतो. ती डिस्क नेटवर्कवर टाकताना बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट केली जाते: फोल्डरवर राइट क्लिक, शेअर, 'एव्हरीवन', 'फुल कंट्रोल'. दोन मिनिटांत सगळीकडे फोटो दिसू लागतात आणि काम सुरू होते.

यातला धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. नेटवर्कवरून उघडलेल्या शेअरमधली फाइल डिलीट केली, तर ती रीसायकल बिनमध्ये जात नाही. ना तुमच्या मशीनच्या, ना समोरच्या. काउंटरवरच्या मुलाने चुकून 'हळद' नावाचे फोल्डर निवडून डिलीट दाबले आणि 'यस' म्हटले की ते गेले. लग्न पुन्हा लागत नाही. म्हणून परवानग्या लावताना पहिला उद्देश चोरी थांबवणे हा नसावा. मूळ फोटो कोणालाही, अगदी मालकालाही, सहज पुसता येऊ नयेत हा असावा. बाकी रचना त्याभोवती बसते.

इथे विंडोज ११ धरून सांगतो, कारण स्टुडिओंमध्ये तेच जास्त दिसते. विंडोज १० वरही पायऱ्या जवळपास याच आहेत. पण त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे सगळ्यांचा डेटा सांभाळणारे मशीन तरी ११ वर न्या.

आधी कागदावर

माउसला हात लावण्याआधी एक कागद घ्या. आडव्या ओळीत माणसे, उभ्या ओळीत फोल्डर. मुख्य फोल्डर एकच, त्याला 'गॅलरी' म्हणू. त्याच्या आत चार फोल्डर पुरतात.

'आवक' म्हणजे फोटोग्राफरने कार्डवरून आणून टाकलेला माल. 'मूळ' म्हणजे तपासून, तारखेप्रमाणे लावून ठेवलेला कायमचा साठा. 'काम' मध्ये डिझायनरची पाने, पीएसडी (फोटोशॉपच्या फाइल), एडिट केलेल्या फाइल. आणि 'सिलेक्शन' मध्ये पार्टीला दाखवायचे लहान आकाराचे फोटो.

आता प्रत्येक चौकटीत तीनपैकी एकच शब्द लिहा: काही नाही, बघणे, बदलणे. फोटोग्राफरला 'आवक' मध्ये बदलणे, बाकी काही नाही. डिझायनरला 'मूळ' मध्ये फक्त बघणे. 'काम' आणि 'सिलेक्शन' मध्ये बदलणे. काउंटरला 'सिलेक्शन' मध्ये बघणे आणि बाकी कुठेच काही नाही. 'मूळ' मध्ये 'बदलणे' फक्त एका नावापुढे येईल, 'साठा' या नावापुढे. हे नाव कोणा माणसाचे नाही. 'आवक' मधला माल 'मूळ' मध्ये नेतानाच ते वापरायचे. मालकाला रोजच्या कामासाठी वेगळे नाव आणि 'मूळ' मध्ये फक्त बघणे. मालकांना हे पटायला वेळ लागतो, पण रात्री अकराला दमलेल्या हाताने डिलीटचे बटण दाबणारा माणूस बऱ्याचदा मालकच असतो.

फोल्डरची नावे तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२५-०२-१६ आणि पुढे आडनाव. मग यादी आपोआप क्रमाने लागते.

डेटा ठेवायचे मशीन

नवे मशीन घ्यायची गरज नाही. जुना पण धडधाकट डेस्कटॉप चालतो. त्यावर दुसरे काम करू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन स्लीप बंद करा, नाहीतर दुपारी जेवून आल्यावर सगळ्यांचे फोटो 'गायब' झालेले असतील. वीज जाणाऱ्या गावात यूपीएस हवाच. कॉपी चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते आणि डिस्कही बिघडू शकते.

यानंतरची तपासणी अनेकजण विसरतात. 'धिस पीसी' मध्ये डेटाच्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'फाइल सिस्टीम' समोर काय लिहिले आहे ते वाचा. तिथे एनटीएफएस हवे. बाजारातून आणलेल्या बऱ्याच बाहेरच्या हार्ड डिस्क एक्सफॅटवर असतात आणि एक्सफॅटमध्ये फाइलनिहाय परवानगी ही सोयच नाही. 'सिक्युरिटी' हा टॅबच दिसत नसेल तर कारण हेच. अशा डिस्कवरचा डेटा आधी दुसरीकडे उतरवा, मग ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

केबल आणि राउटर

फोटोच्या कामात वायफायवर विसंबू नका. गिगाबिट स्विच आणि चांगली केबल असेल तर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात; जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचवर जेमतेम ११. एका लग्नाचा ८० जीबी डेटा पहिल्या बाबतीत साधारण बारा मिनिटांत उतरतो, दुसऱ्या बाबतीत दोन तास लागतात. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा जोडलेल्या लागतात. गावातल्या कामात कधी चारच तारा कनेक्टरमध्ये बसवलेल्या सापडतात. वेग मिळत नसेल तर आधी तिथे बघा.

राउटरमध्ये जाऊन डेटाच्या मशीनचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. आणि पार्टीला, पाहुण्यांना जो वायफायचा पासवर्ड सांगता तो 'गेस्ट नेटवर्क'चा असू द्या. गेस्ट नेटवर्कवरचा फोन तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. बहुतेक राउटरमध्ये ही सोय असते, पण ती चालू करावी लागते.

स्टुडिओच्या सगळ्या कॉम्प्युटरवर नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' ठेवा. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' मध्ये फाइल शेअरिंग चालू करा आणि 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालूच राहू द्या. फोटो उघडत नाहीत म्हटल्यावर पुष्कळदा हेच बंद करायचा सल्ला मिळतो. ते बंद केले की खाली जे काही करणार आहात त्याला अर्थ उरत नाही.

प्रत्येकाला स्वतःचे नाव

एकच 'स्टुडिओ' नाव आणि एकच पासवर्ड सगळ्यांत वाटू नका. एक माणूस सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो, म्हणून तो कधीच बदलला जात नाही.

डेटाच्या मशीनवर 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'अदर यूजर्स' असे जा आणि नवे खाते जोडा. विंडोज मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल. तिथे या माणसाची साइन-इन माहिती आपल्याकडे नाही असा पर्याय घ्या आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडण्याचा. खात्याचा प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा. कागदावरच्या प्रत्येक ओळीसाठी एक: साठा, मालक, डिझायनर, फोटोग्राफर, काउंटर. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते यांच्याहून वेगळे असू द्या, ते फक्त सेटिंग बदलताना वापरायचे.

दोन गोष्टी इथे डोके खातात. पासवर्ड रिकामा असलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, त्यामुळे पासवर्ड द्यावाच लागतो. आणि पिन हा फक्त त्या मशीनसमोर बसून चालतो, नेटवर्कवर नाही. 'पिन बरोबर टाकतोय तरी घेत नाही' ही तक्रार यातूनच येते.

दोन ठिकाणच्या परवानग्या

विंडोजमध्ये परवानगी दोन ठिकाणी लावावी लागते आणि सगळा गोंधळ इथे होतो. 'शेअरिंग' टॅबमधली परवानगी हे वाड्याचे फाटक. 'सिक्युरिटी' टॅबमधली म्हणजे आतल्या खोल्यांचे दरवाजे. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही पार करावे लागतात आणि दोन्हींपैकी जे कडक असेल ते लागू होते. फाटकावर 'फक्त बघणे' असेल तर आत 'बदलणे' देऊन उपयोग नाही. मशीनसमोर प्रत्यक्ष बसलेल्याला मात्र फाटक लागतच नाही, त्याच्यासाठी फक्त दरवाजे.

'गॅलरी'वर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग', 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग'. शेअर करण्याच्या चौकटीत खूण करा आणि 'परमिशन्स' उघडा. 'एव्हरीवन' काढून टाका. 'यूजर्स' हा गट जोडा आणि त्याला 'चेंज' आणि 'रीड' द्या. 'फुल कंट्रोल' देऊ नका. ज्याने फाइल तयार केली तो तिचा मालक ठरतो आणि मालकाला त्या फाइलच्या परवानग्या बदलता येतात. फाटकावर 'चेंज'च असेल तर नेटवर्कवरून ती वाट बंद राहते.

फक्त 'गॅलरी' शेअर करा. आतली चार फोल्डर वेगवेगळी शेअर करत बसलात तर सहा महिन्यांनी कुठून काय उघडते हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आता 'सिक्युरिटी' टॅब, तिथे 'अ‍ॅडव्हान्स्ड'. 'डिसेबल इनहेरिटन्स' दाबा, म्हणजे वरून परवानग्या आपोआप उतरणे थांबते. विंडोज दोन पर्याय देईल. असलेल्या परवानग्या स्वतंत्र करून ठेवण्याचा घ्या, सगळ्या काढून टाकण्याचा नको. मग यादीतून 'यूजर्स' आणि 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' यांच्या ओळी काढा. 'सिस्टीम' आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' राहू द्या. डिस्क मुळातच 'एव्हरीवन'ला मोकळी असेल तर तीही ओळ काढा.

आता 'अ‍ॅड' करून 'यूजर्स' पुन्हा आणा, 'रीड अँड एक्झिक्यूट' द्या, पण 'अप्लाइज टू' समोर 'धिस फोल्डर ओन्ली' निवडा. हीच या रचनेतली किल्ली. सगळ्यांना 'गॅलरी' उघडता येते, आतली चार नावे दिसतात, पण कोणत्याही फोल्डरची परवानगी वरून खाली गळत नाही. मग एकेका फोल्डरवर कागदाप्रमाणे नावे घाला: 'मूळ' वर साठाला 'मॉडिफाय', डिझायनर आणि मालकाला 'रीड अँड एक्झिक्यूट', 'काम' वर डिझायनर आणि मालकाला 'मॉडिफाय', तसेच पुढे.

'डिनाय'च्या रकान्यात खूण करायचा मोह टाळा. नकार सहसा होकारावर मात करतो, आणि एखादा माणूस दोन गटांत असला की कुठून अडले ते शोधता शोधता संध्याकाळ जाते. परवानगी नको असेल तर ती देऊ नका, एवढे पुरते.

'आवक' मधून 'मूळ' मध्ये नेताना कट-पेस्ट करू नका. त्याच ड्राइव्हवर फाइल हलवली की जुन्या फोल्डरच्या परवानग्या तिच्याबरोबर येऊ शकतात, म्हणजे 'मूळ' मधला फोटो फोटोग्राफरला बदलता येईल. कॉपी केली की नव्या जागेचे नियम लागतात. आधी कॉपी, मग फाइलची संख्या आणि एकूण आकार जुळवणे, मग 'आवक' मधले पुसणे. कार्ड फॉरमॅट करणे त्याहूनही नंतर, दुसऱ्या डिस्कवर प्रत झाल्यावरच.

बाकीच्या कॉम्प्युटरवर जोडणी

डिझायनरच्या मशीनवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश, डेटाच्या मशीनचे नाव किंवा आयपी, पुन्हा एक बॅकस्लॅश आणि 'गॅलरी' असे टाइप करा. नाव आणि पासवर्ड मागितला की डिझायनरचा द्या. नावाने लागत नसेल तर नावाच्या आधी डेटाच्या मशीनचे नाव आणि बॅकस्लॅश लावा. रोजच्या वापरासाठी 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून एक अक्षर देऊन ठेवा. मॅकवर फाइंडरच्या 'गो' मेनूत 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे.

एकाच मशीनवरून एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी त्याच सर्व्हरला जोडता येत नाही. विंडोज एरर देते. 'साठा' नावाने काम करायचे असेल तर ते डेटाच्या मशीनसमोर बसून करा. तेच सुरक्षितही आहे. पासवर्ड बदलल्यावर जुनाच लागत राहिला तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मधून साठवलेली नोंद काढा.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर काही जुनी एनएएस (नेटवर्कला थेट जोडलेल्या डिस्कच्या पेट्या) आणि राउटरला लावलेल्या डिस्क उघडेनाशा झाल्या, कारण तिथे शेअरिंगसाठी डिजिटल सही सक्तीची झाली आणि प्रो आवृत्तीत बिननावाचा पाहुणा प्रवेशही बंद झाला. त्या सक्त्या काढून टाकण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील. तसे न करता जुन्या उपकरणाचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि नाव-पासवर्ड लावा.

सगळे लावून झाले की प्रत्येक नावाने आत जाऊन तपासा. 'मूळ' मध्ये एक निरुपयोगी चाचणी फोटो ठेवा आणि डिझायनरच्या नावाने तो पुसून बघा, त्याचे नाव बदलून बघा. दोन्हीला नकार आला पाहिजे. काउंटरच्या नावाने 'काम' उघडून बघा. 'सिक्युरिटी'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस' हा टॅब आहे, तिथे नाव टाकले की त्याला नेमके काय मिळते ते दिसते. तरी प्रत्यक्ष पुसून बघण्याला पर्याय नाही.

लाइटरूम आणि फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी

'मूळ' वाचण्यापुरतेच ठेवले की डिझायनर सांगतो, लाइटरूम सेव्ह करत नाही. लाइटरूम क्लासिक आपले सगळे बदल कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवते, मूळ फोटोला हात लावायची तिला गरज नसते. 'एक्सएमपी'मध्ये आपोआप बदल लिहिण्याची खूण चालू असेल तरच ती फोटोच्या शेजारी फाइल टाकू पाहते, आणि जेपीईजीच्या बाबतीत फोटोच्याच फाइलमध्ये लिहू पाहते. 'कॅटलॉग सेटिंग्ज' मधली ती खूण काढा. कॅटलॉग स्वतः नेटवर्क ड्राइव्हवरून उघडत नाही, तो डिझायनरच्या मशीनवर ठेवा आणि त्याची प्रत 'काम' मध्ये.

फोटोशॉपची मोठी पाने थेट नेटवर्कवर उघडून तासन्‌तास काम करू नये. आपल्या मशीनवर उतरवा, काम करा, दिवसाअखेरी 'काम' मध्ये परत टाका.

पार्टीला काय द्यायचे

ज्याला फोटो बघता येतो, त्याला तो कॉपीही करता येतो. कोणतीही परवानगी हे थांबवत नाही, कारण बघण्यासाठी फाइल समोरच्या मशीनवर यावीच लागते. म्हणून काउंटरला 'मूळ' मुळीच द्यायचे नाही. 'सिलेक्शन' मध्ये लांब बाजू साधारण २०४८ पिक्सेलची आणि मधोमध स्टुडिओचे नाव असलेली जेपीईजी ठेवा. फोटो निवडायला एवढे पुरते, छापायला नाही.

लग्नाच्या फोटोंत नवरीच्या तयारीचे, घरातल्या बायकांचे, लहान मुलांचे फोटो असतात. ते एका घराने विश्वासाने तुमच्या हातात दिलेले असतात. म्हणून एका पार्टीसमोर 'सिलेक्शन' उघडताना दुसऱ्या पार्टीची फोल्डर यादीत दिसता कामा नयेत. काउंटरला पूर्ण 'सिलेक्शन' देण्याऐवजी त्या दिवशीच्या पार्टीचेच फोल्डर तिथे ठेवा, बाकीची 'काम' मध्ये परत न्या. कटकट आहे, पण करण्यासारखी.

ऑनलाइन लिंक पाठवायची असेल तर 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय टाळा. घरातल्या दोघा-तिघांचे ईमेल घेऊन त्यांनाच द्या आणि अल्बम छापून गेल्यावर लिंक बंद करा. मोबाइलवर काढलेल्या फोटोंमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही लपलेले असतात. लाइटरूममधून एक्सपोर्ट करताना ठिकाणाची माहिती काढून टाकण्याची खूण असते, ती कायमची लावून ठेवा.

बाहेरगावाहून डेटा हवा असेल तर

राउटरमध्ये ४४५ नंबरचा पोर्ट, म्हणजे फाइल शेअरिंगची वाट, बाहेर उघडू नका, कोणी कितीही सोपे म्हणून सांगितले तरी. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या व्हायरसने याच फाइल शेअरिंगच्या जुन्या आवृत्तीतले, एसएमबी १ मधले छिद्र वापरले होते. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती त्यांना फटका बसला. 'विंडोज फीचर्स' च्या यादीत एसएमबी १ ची खूण असेल तर ती काढा. एनएएस घेतलेल्यांनीही त्याचे पान थेट इंटरनेटवर ठेवू नये. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने अशाच उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या एनएएस पेट्यांमधला डेटा कुलूपबंद करून पैसे मागितले होते.

पुण्याच्या डिझायनरला तुमच्या डेटापर्यंत पोचायचे असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून तुमच्या नेटवर्कमध्ये येणारी सुरक्षित खासगी वाट, वापरा. वायरगार्ड राउटरमध्ये असेल तर तो, नाहीतर टेलस्केल. दुसऱ्यात राउटरला हात लावावा लागत नाही. आत आल्यावर त्यालाही नाव-पासवर्ड आणि त्याच परवानग्या लागतील.

बॅकअप आणि सोडून गेलेला माणूस

डिझायनरच्या मशीनमध्ये रॅन्समवेअर शिरले तर ते त्याच्या नावाने जिथे 'बदलणे' आहे तिथेच पोचते. 'काम' जाईल, 'मूळ' वाचेल. पण डिस्क जळाली तर परवानगी काही वाचवत नाही. दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून लावा. प्रत झाली की काढून ठेवा, आणि एक स्टुडिओत न ठेवता घरी न्या. सतत जोडलेली डिस्क हा बॅकअप नाही.

कोणी काम सोडले तर त्याचे खाते लगेच पुसू नका, आधी ते निष्क्रिय करा. विंडोज प्रोवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' मध्ये 'लोकल यूजर्स अँड ग्रुप्स' आहे, तिथे खाते बंद करण्याची खूण मिळते. होम आवृत्तीत ही यादी नसते, तिथे पासवर्ड बदला. त्यानंतर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' मधल्या 'शेअर्ड फोल्डर्स'च्या 'सेशन्स' मध्ये बघा. त्याच्या नावाची जोडणी चालू असेल तर ती तिथून तोडा, कारण आधीच उघडलेली जोडणी खाते बंद केल्यावरही काही काळ चालू राहू शकते. महिन्याभराने खाते पुसायला हरकत नाही. मग 'सिक्युरिटी'च्या यादीत नावाऐवजी एस-१-५ ने सुरू होणारा लांबलचक आकडा उरतो. ती गेलेल्या खात्याची ओळ आहे, ती काढून टाका आणि कागदावरचे नावही खोडा.